उधारीच्या नावाचा अल्बम: अ‍ॅलन होल्ड्सवर्थ, ‘यूके’ आणि ‘आय.ओ.यू.’

१९७८ साली ‘यूके’ नावाच्या इंग्रज बँडचा पहिला अल्बम आला. त्यातलं पहिलंच गाणं ‘इन द डेड ऑफ नाइट’. सात मात्रांचा ठेका, वर जॉन वेटनचा भरदार आवाज, आणि मध्येच गिटारचा एक तुकडा असा काही घरंगळत येतो की वाजवणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते कळत नाही. रॉक ऐकणाऱ्या पुष्कळांना अ‍ॅलन होल्ड्सवर्थ हे नाव त्या तुकड्यामुळे कळलं. वर्ष सरता सरता मात्र तो त्या बँडमध्ये राहिला नव्हता. पुढची दोन-तीन वर्षं हातात फारसं काम नसण्यात गेली आणि १९८२ मध्ये त्याने पदरमोड करून एक अल्बम काढला. त्याचं नाव ‘आय.ओ.यू.’. ही तीन इंग्रजी अक्षरं ओळीने उच्चारली की ‘मी तुझं देणं लागतो’ असं वाक्य ऐकू येतं. उधारीच्या चिठ्ठीवर तीच लिहायची पद्धत आहे.

चालता बँड सोडून एकट्याचा अल्बम काढणाऱ्यांबद्दल आपण ठरीव बोलतो. कोणी म्हणतं डोक्यात हवा गेली, कोणी म्हणतं कलेसाठी त्याग केला. होल्ड्सवर्थचं प्रकरण मी बरीच वर्षं या दुसऱ्या खणात ठेवलं होतं. पुन्हा सगळं क्रमाने लावून पाहिलं तेव्हा वाटलं, भांडण फार साध्या, जवळजवळ कारकुनी मुद्द्यावर होतं: वाजवून झालेल्या सोलोचं, म्हणजे गाण्यातल्या एकट्या वाद्याच्या तुकड्याचं, पुढे काय करायचं, हे कोणी ठरवायचं?

माणूस

जन्म ६ ऑगस्ट १९४६, यॉर्कशरमधलं ब्रॅडफर्ड. आजी-आजोबांनी वाढवलेला मुलगा. आजोबा सॅम जॅझ पियानो वाजवायचे, त्यामुळे कानावर पियानोचे स्वरमेळ लहानपणापासून. त्याला हवा होता सॅक्सोफोन. तो परवडण्यासारखा नव्हता, म्हणून सतराव्या वर्षाच्या आसपास हातात गिटार आली. हा तपशील त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात असतो, पण तो नुसता किस्सा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. फुंकीच्या वाद्यात एका श्वासात कितीही सूर एकमेकांत मिसळून जातात. गिटारमध्ये प्रत्येक सुरामागे तार छेडल्याचा खट्ट असा आवाज असतो. होल्ड्सवर्थने आयुष्यभर तो खट्ट पुसायचा प्रयत्न केला. उजव्या हाताने तार जेवढ्यास तेवढीच छेडायची, बाकीचे सूर डाव्या हाताची बोटं तारेवर टेकवून काढायची. बोट उचलताना तार जराशी ओढायची असा गिटारवाल्यांचा रिवाज. त्या ओढीचा आवाज त्याला नको असे, म्हणून बोट सरळ वर. त्यात लांब बोटं आणि अफाट ताण, म्हणजे एकाच तारेवर चार-चार सूर. जॉन कोलट्रेनच्या सॅक्सोफोनवरच्या ताना ऐकून आपल्याला काय करायचंय ते त्याला कळलं होतं. वाद्य तेवढं चुकीचं हाती आलं होतं.

सत्तरच्या दशकात हा माणूस बँडांमधून फिरत राहिला: टेम्पेस्ट, सॉफ्ट मशीन, ड्रमवादक टोनी विल्यम्सचा न्यू लाइफटाइम, गाँग, व्हायोलिनवादक झाँ-ल्युक पाँटीचा ‘एनिग्मॅटिक ओशन’. यादी पाहिली की वाटतं, पटत नसावं कुणाशी. पण सोबत वाजवलेले वादक त्याच्याविषयी आदराने आणि जिव्हाळ्याने बोलतात, आणि कित्येकांनी त्याला पुन्हा बोलावलं. तेव्हा भांडकुदळपणा हे उत्तर चालत नाही.

फेकायचं ते छापलं, छापलेलं रोज वाजवायचं

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला १९७६ चा. टोनी विल्यम्सबरोबर तो अमेरिकेत असताना क्रीड टेलरच्या सीटीआय कंपनीने त्याच्या नावावर अल्बम करायचं ठरवलं. साथीला अ‍ॅलन पास्क्वा, अल्फॉन्सो जॉन्सन, नारदा मायकल वॉल्डन. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरच्या नामांकित स्टुडिओत. कागदावर यापेक्षा चांगलं काय असतं? होल्ड्सवर्थ शेवटपर्यंत सांगत राहिला, की आम्ही तालीम करत होतो, फीत चालू होती, आणि तीच तालीम ‘व्हेल्वेट डार्कनेस’ म्हणून बाजारात आली. पुढे त्याच्या पुन्हापुन्हा आवृत्त्या निघाल्या आणि दर वेळी तो संतापला. म्हणजे हिशेबाने त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम हा. त्याच्या लेखी तो नव्हताच.

दुसरा प्रसंग ‘यूके’चा. ड्रमवरचा बिल ब्रुफर्ड ‘येस’ आणि ‘किंग क्रिमझन’ या बँडांमधून आलेला, वेटनही क्रिमझनचाच, आणि की-बोर्ड व व्हायोलिनवर एडी जॉब्सन. चौघांची नावं मोठी, तालीम कसून केलेली, रचना घट्ट विणलेल्या. अशा रचनेत सोलो हाही विटेसारखा असतो: अमुक मात्रांचा, अमुक ठिकाणी चढणारा. होल्ड्सवर्थची तक्रार अशी, की अल्बमवर जो सोलो आहे तोच मैफलीत रोज वाजव, असा आग्रह धरला जायचा. त्याच्यासाठी तो सोलो म्हणजे त्या दिवशी त्या क्षणी सुचलेली एक तान होती. खयाल गाणाऱ्या बाईंना कोणी सांगावं, की तुमच्या तबकडीवर तिसऱ्या मिनिटाला जी तान आहे ती जशीच्या तशी आज रात्री गा, आणि उद्या, आणि परवाही. बाई काय म्हणतील ते सांगायला नको.

तरी इथे वेटन आणि जॉब्सन यांच्या बाजूने चार शब्द बोलायला हवेत, कारण होल्ड्सवर्थप्रेमी ते कधी बोलत नाहीत. रॉकच्या मैफलीला आलेला माणूस तबकडी पाठ करून आलेला असतो. त्याला तो तुकडाच ऐकायचा असतो. तो ऐकू आला नाही तर गाणं चुकल्यासारखं वाटतं. जॉब्सनचा व्हायोलिन-सोलोही रचनेचाच भाग होता आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. दोन वेगळ्या परंपरांमध्ये ‘सोलो’ या एकाच शब्दाचे अर्थ निराळे आहेत, आणि या चौघांनी बँड काढताना तो शब्द कधी उलगडून पाहिला नसावा. गैरसमज तिथला आहे. खलनायक शोधायची गरज नाही.

होल्ड्सवर्थ आपण होऊन गेला की त्याला जायला सांगितलं, याच्या कथा सांगणाऱ्यागणिक बदलतात. निकाल एकच: तो आणि ब्रुफर्ड बाहेर. ‘यूके’ने दुसरा गिटारवादक घेतलाच नाही, ड्रमवर टेरी बॉझियोला घेऊन तिघांनी १९७९ मध्ये ‘डेंजर मनी’ काढला, आणि त्याच वर्षी जपानमधल्या मैफलींचा एक अल्बम. त्याचं नाव ‘नाइट आफ्टर नाइट’, म्हणजे ‘रोज रात्री’. होल्ड्सवर्थने ते नाव वाचून काय तोंड केलं असेल, असा विचार दर वेळी मनात येतो.

ब्रुफर्डच्या स्वतःच्या बँडमध्ये तो आणखी एक अल्बम टिकला. ‘वन ऑफ अ काइंड’, १९७९. की-बोर्डवर डेव्ह स्टुअर्ट, बासवर जेफ बर्लिन. माझ्या मते त्याच्या त्या दशकातल्या कामातलं हे सर्वांत देखणं. इथे मोकळीक जास्त होती, तरी रचना लिहिलेल्या, आणि लिहिणारा बहुधा दुसरा. तोही बँड त्याने सोडला.

हातात काय होतं

१९८० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये पंकची लाट ओसरून न्यू वेव्ह रुळली होती. लांबलचक सोलो वाजवणारे वादक ही मासिकांची टवाळीची गोष्ट होती. बाजारात ज्या गुणाला भाव नव्हता तोच याच्याकडे रग्गड होता. वाद्यांच्या दुकानात नोकरी धरावी इथपर्यंत विचार आला होता.

अशा वेळी त्याला लीड्सचा गॅरी हजबंड भेटला. विशीच्या उंबरठ्यावरचा, ड्रम वाजवणारा आणि पियानोही तेवढ्याच ताकदीने वाजवणारा. बासला पॉल कार्माइकल. तिघांच्या या संचाला आधी ‘फॉल्स अलार्म’ म्हणत. गायला पॉल विल्यम्स आला, ‘टेम्पेस्ट’मधला जुना सोबती. रेकॉर्ड कंपनी कुणी दारात उभं करेना, मैफली मिळायच्या त्याही खिशातून खर्च करून. वाजवायचं आणि वर आपणच पैसे घालायचे! ‘आय.ओ.यू.’ हे नवं नाव या हिशेबातून आलं.

यातला महत्त्वाचा निर्णय पटकन नजरेत भरत नाही. त्याने की-बोर्डवाला घेतलाच नाही. ‘यूके’त जॉब्सन आणि ब्रुफर्डकडे स्टुअर्ट, म्हणजे स्वरमेळांची गादी दुसऱ्याने अंथरायची आणि याने तिच्यावर धावायचं, अशी वाटणी. ‘आय.ओ.यू.’मध्ये गादीही गिटारनेच अंथरली. आजोबांच्या पियानोचा कान इथे कामाला आला. व्हॉल्यूमचा पेडल पायाने हळूहळू दाबत स्वरमेळ शून्यातून वर आणायचा, म्हणजे तार छेडल्याचा खट्ट ऐकूच येत नाही. मग दोन्ही कानांत वेगवेगळ्या उशिराने परतणारे प्रतिध्वनी. ऐकणाऱ्याला शंका येते, हे ऑर्गन आहे की दुरून येणारी तंतुवाद्यं. ‘शॅलो सी’ या गाण्याची सुरुवात डोळे मिटून ऐकावी. गिटार कुठेच नाही, आणि सगळीकडे तीच आहे.

स्वरमेळ रचायची रीतही त्याची स्वतःची. गिटार शिकवणारी पुस्तकं मेळांना नावं देतात, आकृत्या काढतात. तो मेळाकडे एखाद्या सप्तकाचे त्या क्षणी एकत्र आलेले चार सदस्य म्हणून पाही. पुढच्या क्षणी त्याच घरातले दुसरे चौघे येतील. सप्तकं तर त्याने सुरांमधल्या अंतरांचे सगळे संभव कागदावर मांडून, नको ते खोडून ठरवली होती. आपल्याकडे थाट आणि मेळकर्त्यांची गणितं ऐकलेल्या माणसाला ही सवय ओळखीची वाटेल. ऐकताना मात्र गणित जाणवत नाही. एका मेळातून दुसऱ्यात जाताना वरचा सूर एखाद्या चालीसारखा सरकतो, म्हणून अनोळखी मेळही गाण्यासारखे वाटतात.

‘व्हेअर इज वन’ या शीर्षकाचा मराठीत अर्थ ‘सम कुठे आहे?’ असा लावता येईल, आणि रचना ऐकताना आपण खरोखर समच शोधत बसतो. हजबंड ती लपवतो. होल्ड्सवर्थ लपलेल्या समेवर न येता पलीकडे जातो. ‘यूके’मध्ये असं झालं असतं तर कुणीतरी थांबवून विचारलं असतं. ‘लेटर्स ऑफ मार्क’मध्ये कार्माइकल आणि हजबंड यांना ऐसपैस जागा आहे, आणि ती दिलीय कोणी, तर ज्याचं नाव वर छापलंय त्याने. सोडून आलेल्या माणसाने जाताना काय मागितलं होतं, याचं उत्तर मला त्या जागेत सापडतं.

आता दोष. गाणी म्हणून या रचना कमकुवत आहेत. पॉल विल्यम्सचा आवाज रांगडा, ब्लूजच्या वळणाचा; खाली स्वरमेळ तरंगणारे, धूसर. दोन्ही एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यासारखे वाटतात. ‘द थिंग्ज यू सी’ ही रचना त्याने पियानोवादक गॉर्डन बेकबरोबर आधीच मुद्रित केली होती. मला तीच जास्त भावते. आवाजाचा पोतही पातळ आहे, पैसा कमी होता हे ऐकू येतं. आणि शब्द गाणाऱ्याला घ्यायचंच कशाला, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. माझा अंदाज, की केवळ वाद्यांचा अल्बम कोणी घेणार नाही ही भीती त्यालाही होती. म्हणजे बाजाराशी तडजोड इथेही आहेच. फरक एवढाच की ती त्याने स्वतः केली.

त्याच वर्षी

१९८२ च्या मार्चमध्ये जॉन वेटनच्या नव्या बँडचा, ‘एशिया’चा, पहिला अल्बम आला. तो अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. ‘यूके’तला एक जण शिखरावर आणि दुसरा पदरमोड केलेल्या तबकड्या घेऊन अमेरिकेत दारं ठोठावतोय. ‘बँड सोडणं बरोबर होतं का?’ हा प्रश्न इथे पैशाने मोजला तर उत्तर एका ओळीत संपतं. पण ‘एशिया’त होल्ड्सवर्थला जागाच नसती, त्यामुळे तुलनाच थोडी अन्यायाची.

कॅलिफोर्नियात त्याला ऐकायला माणसं आली, आणि त्यांत गिटार वाजवणारी खूप. एडी व्हॅन हेलन तेव्हा रॉकच्या जगातला सर्वांत मोठा गिटारवादक. तो जाहीरपणे होल्ड्सवर्थची स्तुती करत सुटला होता, लॉस एंजेलिसच्या ‘रॉक्सी’त त्याच्याबरोबर मंचावर चढला, आणि त्याच्या शब्दावर वॉर्नर ब्रदर्सने होल्ड्सवर्थशी करार केला. निर्माता टेड टेम्पलमन, म्हणजे व्हॅन हेलनचाच. वाटावं, आता सुटला.

आणि मग तेच भांडण, नव्या वेशात. कंपनीला नावाजलेला गायक हवा होता, होल्ड्सवर्थने पॉल विल्यम्सला शब्द दिला होता. निर्मात्याला प्रत्येक मुद्रण आपल्यासमोर, आपल्या पसंतीने व्हायला हवं होतं, आणि त्याला वेळ तर नव्हता. होल्ड्सवर्थ थांबेना. पूर्ण अल्बम व्हायचा तो सहा रचनांचा, पंचवीस मिनिटांहूनही थोडा कमी लांबीचा ‘रोड गेम्स’ होऊन १९८३ मध्ये बाहेर पडला. त्यात नावाजलेला जॅक ब्रूसही गायला आणि विल्यम्सही. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. वॉर्नरशी संबंध तिथेच संपला.

प्रकरण म्हणून मला हा टप्पा सर्वांत बोलका वाटतो. ‘यूके’त त्याला बँडचा जाच झाला असं म्हणावं तर इथे बँड त्याचाच होता. कंपनीचा जाच म्हणावं तर ‘यूके’त विरोधात कंपनी नव्हती, सोबती होते. तिन्ही ठिकाणी, १९७६, १९७८ आणि १९८३, मुद्दा मुद्रण कधी पुरं झालं हे ठरवणाऱ्याचा आहे. ‘आय.ओ.यू.’ हा मधला एकच अल्बम, जिथे हा प्रश्न विचारायला दुसरं कुणी नव्हतं, कारण पैसे कुणीच दिले नव्हते.

पुढची सोय त्याने हीच कायम केली. ‘एनिग्मा’ या छोट्या कंपनीने १९८५ मध्ये ‘मेटल फटीग’ काढला आणि ‘आय.ओ.यू.’ही पुन्हा बाजारात आणला. मग ‘अ‍ॅटाव्हाक्रॉन’, ‘सँड’, ‘सीक्रेट्स’. सॅक्सोफोनची जुनी भूक ‘सिंथअ‍ॅक्स’ या इलेक्ट्रॉनिक वाद्याने थोडी भागवली. दक्षिण कॅलिफोर्नियात घरीच स्टुडिओ केला, त्याला नाव दिलं ‘द ब्रुअरी’. बिअरचा दर्दी माणूस होता, ग्लासात बिअर नीट फेसाळावी म्हणून एक उपकरणही त्याने बनवलं होतं. रात्री अ‍ॅम्प्लिफायर घुमवून शेजारी जागे न करता मुद्रण करता यावं, म्हणून आणखी एक. स्टुडिओचं भाडं नाही, घड्याळाकडे पाहणारा निर्माता नाही.

याचा एक परिणाम त्याने धरला नसावा. स्वतःचे सोलो त्याला आवडत नसत. हे तो मुलाखतींतून इतक्यांदा बोलला आहे की ते विनयापोटी नव्हतं असं मानावं लागतं. जोवर कुणीतरी ‘पुरे, झालं’ म्हणणारं होतं तोवर तो चिडायचा, पण अल्बम बाहेर यायचे. ते म्हणणारं कुणी उरलं नाही तेव्हा तबकड्यांमधली अंतरं वाढत गेली. २००१ च्या ‘फ्लॅट टायर’नंतर नव्या रचनांचा पूर्ण स्टुडिओ अल्बम त्याच्या हयातीत आला नाही. सोळा वर्षं. ‘यूके’च्या सोबत्यांचा रोजच्या सोलोचा आग्रह चुकीचा होता असं मला आजही वाटतं, पण काम संपवायला बाहेरचा माणूस लागतो, एवढं त्यांच्या बाजूने या सोळा वर्षांकडे पाहून म्हणावंसं वाटतं.

७ एप्रिल २०१७ ला त्याच्या बारा अल्बमांचा एकत्रित संच निघाला. त्यात पहिला ‘आय.ओ.यू.’. ‘व्हेल्वेट डार्कनेस’ त्यात नाही, ‘रोड गेम्स’ही नाही. आठच दिवसांनी, १५ एप्रिलला, कॅलिफोर्नियात व्हिस्टा इथल्या घरी तो गेला. अंत्यसंस्कारासाठी घरच्यांना वर्गणी मागावी लागली. अपेक्षा वीस हजार डॉलरची होती, दोन-चार दिवसांत लाखावर जमले.